दवाखान्याच्या तारेचा भरवसा

बटण दाबून दिवा लागला की आपण पुढच्या कामाला लागतो. चाचा तिथंच उभे राहायचे. दिव्याकडे बघत टोपी मागे सारायचे आणि विचारायचे, "गेली तर?" या दोन शब्दांनी माझं जितकं डोकं खाल्लं, तितकं आयुष्यात दुसऱ्या कोणी खाल्लं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती रोज तुमच्या वाट्याला आली नसतील.

निजामी राज्याची शेवटची वर्षं. हिंगोलीतल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी इंजिन चालवत होतो. त्याच इंजिनावर पट्टा चढवून डायनामो फिरायचा आणि दिवे लागायचे. चाचा तिथले तारांचे मिस्त्री. म्हातारे, गावात तीन पिढ्यांपासूनचे. मालकांनी शेजारच्या दवाखान्यालाही एक तार दिली, कारण अंधार पडल्यावर डॉक्टरसाहेबांना ऑपरेशन करता येत नव्हतं. संध्याकाळी अडलेला रोगी आला की सकाळच्या गाडीनं नांदेडला पाठवायचे. काही पोचत, काही पोचत नसत. आता फक्त चाचांनी "भरवसा आहे" म्हणायचं बाकी होतं. ते म्हणतील त्या दिवसापासून ऑपरेशनं सुरू, असं डॉक्टरसाहेबांनी ठरवलं होतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, चाचा काही म्हणेनात.

मी सांगायचो की इंजिन महिनाभरात एक दिवसही बंद नाही. ते म्हणायचे, किती चाललं ते नको, वीज कितींदा गेली, काहून गेली आणि परत यायला किती वेळ लागला ते सांग. त्यासाठी त्यांनी मला एक वही आणून दिली. आता पट्टा घसरला, मी परत चढवला, विषय संपला. त्याचं काय लिहायचं? इंजिन माझं, त्याची बदनामी मी आपल्या हातानं कशाला करू? मी सबंध हंगामात तीनदाच लिहिलं, आणि तिन्ही वेळा कारण लिहिलं, "तार सैल असावी."

झालं. हा म्हातारा अख्खा हिवाळा खांबांवर चढून सैल तार शोधत राहिला. मला त्याची गंमत वाटायची, हे आज सांगायलाही बरं वाटत नाही.

बरं, वहीवरही त्यांचं भागत नव्हतं. न सांगता ते दवाखान्याचा फ्यूज काढायचे आणि मला खबर द्यायला कंपाउंडरला पाठवायचे. कंपाउंडर साठीचे, गुडघ्यानं अधू. ते लंगडत माझ्यापर्यंत येत, आधी पाणी मागत, मग निरोप देत. तिकडं चाचा घड्याळ धरून बसलेले. मी चिडून म्हटलं, दवाखान्यात तरणा शिपाई आहे, त्याला पाठवा की, धावत येईल.

"पळणारा त्या येळेला जागेवर असंलच, असं न्हाई," चाचा म्हणाले. "जो कायम असतो, त्याच्यावरूनच मोजायचं."

एकदा माझा तोल गेला. म्हटलं, तुमच्या शंकेपायी माणसं नांदेडच्या वाटेवर मरतात. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या हिवाळ्यात वाटेत गेलेल्या दोघांची नावं सांगितली. मला ती ठाऊकही नव्हती. पण पोट उघडल्यावर वीज गेली तर तो माणूस आपण मारला असं होईल, एवढं बोलून ते खांबाकडे गेले.

माघातल्या एका संध्याकाळी शिरड शहापूरहून बैलगाडी आली. गाडीत माझा थोरला भाऊ. पोट फुगलेलं, आतडं अडकलेलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, सकाळपर्यंत टिकणार नाही. चाचा आले, भावाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"डायवर, वहीत तीन हायत. आता बराबर सांग. कितींदा गेली?"

"अकरा."

"चौदा," ते म्हणाले. "तू जेवाया गेलतास तवाच्या तीन धरून. आता सांग, काहून गेली?"

"पट्टा," मी म्हणालो. "गार पडला की घसरतो. तारेचं काही नाही, चाचा."

मला वाटलं, आता तोंडात बसणार.

"येवढंच व्हय?" ते हळू म्हणाले. "मग राळ घेऊन पट्ट्यापाशी बस, हलू नको. मी दारात गॅसबत्ती धरून राहतो. तिच्यावर पोट उघडता येत न्हाई, पण उघडलेलं सांभाळता येतं." आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "करा साहेब, भरवसा हाय."

पट्टा घसरू नये म्हणून मी त्यावर राळ लावत बसलो. एवढंच लिहिलं असतं तर हाच भरवसा त्यांनी दिवाळीतच दिला असता. ती दोन नावं माझ्या डोक्यातून जाईनात.

भाऊ वाचला. मी धावत गेलो तेव्हा चाचा पेटती बत्ती धरून दारातच उभे होते. गेली नाही, मी म्हणालो. "आज न्हाई गेली," ते म्हणाले. त्या क्षणीसुद्धा या माणसाचा मला राग आला, आणि त्यांच्या हातातली बत्ती घेताना रडूही आलं.

अठ्ठेचाळीस साली निजामी राज्य गेलं आणि बरीच माणसं गाव सोडून गेली, तसे चाचाही लेकीकडे हैदराबादला गेले. मला सांगितलं नाही. कंपाउंडर म्हणाले, पहाटे येऊन गॅसबत्तीत तेल तेवढं भरून गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी पट्टा घसरला. दवाखान्यात रोगी नव्हता, कोणी विचारायलाही आलं नाही. मी पट्टा चढवला, हात पुसले आणि वही काढली. वेळ लिहिली. कारणापुढं लिहिलं, "पट्टा. तार ठीक."