महिपत तांडेलाचे खुंट

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात महिपत तांडेल नावाचा एक हेकट माणूस होता. हेकट म्हणजे किती, तर शेजारच्या धोंडीबाशी त्यानं बारा वर्षं अबोला धरला होता, आणि तोही खुंटांच्या जागेवरून.

आता कोरड्या जमिनीवरच्या माणसाला खुंटाचं काय कौतुक! पण खाडीच्या चिखलात उंच लाकडं रोवून त्यांना जाळं बांधलं की भरती-ओहोटीच मासळी आत आणून घालते. खाडीच्या तोंडाशी एवढंसं बेट होतं, त्याच्या आडोशाला महिपतच्या आज्याने रोवलेले दोन सागवानी खुंट होते. ओळखीला त्यांवर महिपतच्या बायकोच्या, रखमाबाईच्या, लुगड्याची निळी चिंधी. पलीकडचे धोंडीबाचे, पांढऱ्या चिंधीचे. वाड्याचा कायदा एका ओळीचा: खुंट उभा तोवर जागा तुझी, एक ओहोटी जागा मोकळी दिसली, की जो रोवेल त्याची.

अठराशे पंच्याऐंशी साली रशियाच्या आगबोटी चालून येणार अशी आवई उठली. सरकारने त्या बेटावर तोफा बसवायला काढल्या आणि हुकूम सोडला, पावसाआधी बेटाभोवतालचे सगळे खुंट उपटा. महिपतला अन्न गोड लागेना. त्या जागेवर आजा जगला होता, बाप जगला होता. ती गेली तर तो नुसता होडीवाला उरणार होता.

आणि वैशाखात गंमत झाली. मालाच्या पडावावरून उतरवताना तोफ घसरली ती थेट चिखलात. कामावरच्या गोऱ्या साहेबाने चार दिवस माणसं झुंपली, तोफ ढिम्म. महिपत मचव्यात बसून तंबाखू मळत बघत होता. शेवटी त्यानं कामावरच्या कारकुनाला, त्रिंबकरावांना, गाठलं.

"तोफ मी काढतो. पण खुंट ऱ्हायले पायजेत."

"तुझे दोन? विचारतो साहेबाला."

"माजेच नाय. समद्यांचे."

साहेब कबूल झाला. त्रिंबकरावांनी वाड्यात येऊन साहेबाचं तसं पत्र सगळ्यांना वाचूनही दाखवलं. घरी रखमाबाईने छेडलं, "धोंडीबाचेपन?"

"त्याचे तेवडे वगळा म्हनून सांगू काय? गप बस."

युक्ती जुनीच होती. कोळी खुंट उपटतात ते हातांनी नाही, भरतीने. ओहोटीला तोफेच्या दोन बाजूंना दोन मचवे लावायचे, दोन्हींवर आडवी लाकडं टाकायची आणि तोफ त्यांना आवळून बांधायची. पाणी चढलं की मचवे वर येतात, मचव्यांबरोबर तोफ. पौर्णिमेला तसंच केलं. तोफ हलली, आणि साहेबाने दिलेली लाकडं काडकन मोडली.

आता उरलं द्वितीयेचं उधाण, सगळ्यांत मोठं. ते चुकलं तर पाणी उतरणार, पंधरा दिवसांत तोफ चिखलात गडप, आणि साहेबाचा शब्दही तिच्याबरोबर. तसलं जाड लाकूड दोन दिवसांत आणायचं कुठून? बाकीच्यांचे खुंट बारीक; तसे जाड सागवानी होते ते महिपतचेच दोन.

प्रतिपदेला त्याने आज्याचे खुंट स्वतः उपटले.  आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उद्याच्या ओहोटीला जागा मोकळी दिसणार, आणि पलीकडे धोंडीबा बसलाय.

द्वितीयेला दुपारी पाणी चढलं. लाकडं करकरली, पण टिकली. तोफ चिखलातून सुटली आणि पाण्याखालून लोंबत बेटाच्या उतारावर येऊन टेकली. साहेबाने टोपी काढली. महिपतने खुंट बघितले. दोन्ही मधोमध तडकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकाम्या हातांनी जागेवर गेला. लांबूनच त्याला दिसलं. दोन कोरे खुंट उभे, शेजारी धोंडीबाचा मचवा.  महिपतमध्ये भांडायचीही ताकद नव्हती. कायद्याने जागा गेली होती.

जवळ आल्यावर त्याला खुंटावरची चिंधी दिसली. निळी होती.

"लाकूड माजा, जागा तुजी," धोंडीबा म्हणाला. बारा वर्षांनी पहिलं वाक्य. "चिंधी रखमावैनीकडून मागून आनली."

 महिपतने तंबाखूची चंची पुढे केली. दोघांनी मचव्याला मचवा लावून तंबाखू खाल्ली आणि ओहोटी संपेपर्यंत बसून राहिले.

रशियाचं कुणी आलं नाही. तोफेवर गंज चढत गेला. पुढे काही वर्षांनी धोंडीबा वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचे खुंट पडले, ती जागा दुसऱ्याने घेतली. महिपत मात्र दर हंगामाला आपल्या खुंटांवर निळी चिंधी बांधायचा, आणि तिच्याखाली एक पांढरी.