चार मॅच हरलो, वही मात्र भरली

जिंकणाऱ्या टीमकडे कप साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या फेराइनकडे, म्हणजे गावच्या क्लबकडे, यंदा एप्रिल संपायच्या आतच इतके साठले की ठेवायला जागा नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावेत. नाहीतर सबनीस ते स्वतःच्या सोयीने सांगत सुटतील.

आधी माणसं सांगते. माझा मुलगा मंदार जर्मनीत झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सायली माझी सून. नात रेवा पंधरा वर्षांची, गावच्या ज्युनिअर बेसबॉल टीममध्ये खेळते. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. मला आजी म्हणत नाही, ‘ओमा’ म्हणते. मी त्र्याहत्तर वर्षांची. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी माझं मी शिकले. इंग्रजी औषधांच्या बाटल्या वाचून, जर्मन रेवाच्या पहिलीच्या पुस्तकातून. बेसबॉल त्यामानाने सोपा गेला.

* * *

पहिली मॅच. आम्ही तीन मराठी कुटुंबं, डब्यात साबुदाण्याचे वडे घेऊन बाकावर बसलेलो. सबनीसांचा ईशान बॅटिंगला आला. हे सबनीस पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, आणि जगात कुठलाही खेळ असो, त्यातले जाणकार! ईशानने बॅट फिरवली, बॉल मागच्या बाजूला सणसणीत गेला आणि थेट कुंपणावर आदळला.

‘‘फोर!’’ सबनीस उभे राहून ओरडले. आम्हीही टाळ्या पिटल्या. सायलीने तर शिट्टी वाजवली.

शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर बसले होते. रिटायर झालेले पोस्टमन, स्वतःची घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन प्रत्येक मॅचला हजर. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मागे गेला, तो फाऊल. त्याला काही मिळत नाही. पण शिट्टी चांगली होती.’’

* * *

दोन मॅच हरल्यावर बाकावर चर्चेला ऊत आला. सबनीस म्हणाले, ‘‘बोलिंगच नाही आपल्याकडे.’’ मी म्हटलं, ‘‘पिचिंग म्हणतात त्याला.’’ ते म्हणाले, ‘‘तेच नाही!’’

हेर क्रेमरांचं मत निराळं. त्यांच्या मते सगळा दोष सॉसेजच्या ग्रिलचा. ग्रिल तिसऱ्या बेसजवळ लावतात, धूर मुलांच्या डोळ्यांत जातो. मी विचारलं, ‘‘मग समोरच्या टीमच्या डोळ्यांत का जात नाही?’’

हेर क्रेमरांनी बराच विचार केला. ‘‘त्यांना भूक नव्हती.’’

तेव्हा मी उठून उभी राहिले. ‘‘तुमच्यापैकी एकाने तरी काही लिहून ठेवलंय का? कोणाच्या हातून काय सुटलं, कितव्या डावात?’’ सगळे डब्यातल्या वड्यांकडे बघू लागले. ‘‘मग उद्यापासून तोंडं बंद. मी लिहिणार.’’

घरी जाऊन रेवाकडून शंभर पानी वही घेतली. नियमांचं पुस्तक लायब्ररीतून आणलं. मंदार म्हणाला, ‘‘आई, यूट्यूब बघ ना.’’ म्हटलं, ‘‘यूट्यूबला प्रश्न विचारता येत नाहीत, पुस्तकाला येतात. ते मागचं पान काढून उत्तर देतं.’’

* * *

तिसऱ्या मॅचला मी नऊवारी नेसून कुंपणापाशी बसले आणि प्रत्येक बॉल टिपू लागले. अर्थात मराठी आकड्यांत. मध्येच समोरच्या टीमचा ट्रेनर तरातरा पंचांकडे गेला. त्याचं म्हणणं, ती म्हातारी बाई आमच्या खुणा चोरून सांकेतिक लिपीत लिहितेय!

पंच आले. उंच, गोरेपान, विशीतले. अतिशय अदबीने म्हणाले, ‘‘वही बघू का?’’ दिली. त्यांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, भुवया वर गेल्या.

मी म्हटलं, ‘‘उलटी धरलीत.’’

त्यांनी सुलटी केली. तरी चेहरा तोच! शेवटी त्यांनी निकाल दिला, ‘‘आल्झो, तर मग, हे जर चोरून लिहिलं असेल, तर ते तुमच्याही टीमला कळणार नाही. खेळ सुरू!’’

आमचा ट्रेनर उवे नंतर आला. म्हणाला, ‘‘फ्राऊ जगताप, यात मला वाचता येईल असं काही आहे का?’’ त्या रात्री मी सगळी वही इंग्रजी आकड्यांत उतरवून काढली.

* * *

आता वादाचं मूळ सांगते. बेसबॉलमध्ये मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो. पहिल्या बेसवर उभी राहणारी आमची रेवा, तिचा नंबर तीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे ईशान, तो सहा. आणि लांब मागे, मैदानाच्या मधोमध, योनास नावाचा अबोल मुलगा, तो आठ. कोणाच्या हातून चूक झाली की स्कोअरर त्याचा नंबर लिहितो. ते कागदावर कायमचं राहतं.

तिसऱ्या मॅचनंतर सबनीस क्लबचा कागद नाचवत आले. ‘‘बघा काकू! सातव्या डावात चूक आठ नंबरची. तो योनासच घालवतोय मॅच!’’

योनास दोन पावलांवर उभा होता, बुटाने गवत उकरत. बिचाऱ्याकडे त्या डावात बॉल फिरकलासुद्धा नव्हता. मी वही उघडली. ‘‘तो आठ नाही. तीन आहे. घाईत काढलाय, पोटं मिटली त्याची.’’

सबनीसांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ‘‘म्हणजे... आपल्या रेवाची?’’

‘‘आपल्या रेवाची. आकडा असा काढावा की वैऱ्याने वाचला तरी तोच निघाला पाहिजे.’’

उवेने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. रेवा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जर्मनमध्येसुद्धा नाही.

* * *

मग मी स्कोअररचा कोर्स करायचं ठरवलं. एक अख्खा रविवार, सगळं जर्मनमध्ये, शेवटी परीक्षा. मंदार म्हणाला, ‘‘आई, या वयात कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘या वयात नाही तर कोणत्या? पुढच्या वयाची गॅरंटी तू देतोस का?’’

वर्गात बाकीचे पोरासोरांचे आईबाप. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘चूक कधी लिहायची? साधारण प्रयत्नात बॉल पकडता आला असता, आणि पकडला नाही, तर.’’

मी हात वर केला. ‘‘साधारण कोणाचा? पंधरा वर्षांच्या मुलीचा, की माझा?’’

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हा प्रश्न पडतो त्यांनाच मी पास करते.’’ पण पेपर तपासलाच. पास झाले, लायसन्स मिळालं, पण एक उत्तर चुकलं होतं. त्यावर मी अर्धा तास भांडले. माझंच चुकलं होतं, पण भांडण जर्मनमध्ये झालं, ते काय कमी आहे?

* * *

चौथीही मॅच हरलो. उवेने सगळ्यांना गोळा केलं. पुढच्या महिन्यात ड्युसेलडॉर्फहून लेना नावाची मुलगी येणार होती. चांगली खेळणारी, बेसवर कुठेही उभी राहणारी. तिच्यासाठी एकाला बाकावर बसावं लागणार. ‘‘पाच मॅचनंतर वही बघू,’’ उवे म्हणाला. ‘‘रेवा किंवा ईशान. ज्याच्या चुका जास्त, तो बसेल. सीझन संपेपर्यंत.’’

दोघांच्या आतापर्यंत चुका तीन-तीन.

त्यात क्लबच्या स्कोअररने सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं. पाचव्या मॅचच्या टेबलावर कोण? लायसन्सवाली मी एकटी! सबनीस म्हणाले, ‘‘काकू, म्हणजे घरचाच न्यायाधीश.’’ मी म्हटलं, ‘‘हो. सोसवत नसेल तर पुढच्या रविवारी कोर्स आहे.’’

पाचवी मॅच रंगली. शेवटचा डाव, आम्ही एका रनने पुढे, एकच गडी बाद करायचा बाकी. बॉल घरंगळत ईशानकडे आला. त्याने उचलला, रेवाकडे फेकला. जरासा खाली. रेवा बेसवर पाय ठेवून वाकली, बॉल ग्लोव्हमध्ये शिरला आणि बाहेर पडला. समोरचा बॅट्समन बेसवर पोहोचला. पुढच्याच बॉलला योनासने लांबवर धावत जाऊन झेल घेतला, आणि आम्ही जिंकलो! सीझनमधली पहिली मॅच! हेर क्रेमर खुर्चीवर उभे राहिले, खुर्चीची घडी होऊन खाली आपटले, तरी माणूस हसतोय!

माझ्यासमोरच्या स्कोअरच्या कागदावर एक चौकोन मात्र कोरा होता.

सायली धावत आली. ‘‘आई, अहो थ्रो खाली होता हो! दिसला ना तुम्हाला?’’

मागे सबनीस उभे. हातातला वडा तसाच. ‘‘काकू, मी काही बोलत नाही.’’

जन्मात पहिल्यांदा खरोखरच बोलले नाहीत.

सहा की तीन? घरामागच्या हिरवळीवर मार्चपासून रोज संध्याकाळी मी रेवाला बॉल फेकत होते. माझे सगळेच खाली पडायचे, खांदा वर जात नाही. आणि तिने एकही सोडला नव्हता.

मी पेन उचललं. चूक झाल्याची खूण केली, पुढे आकडा काढला, पेनला टोपण लावलं. सायली डबे आवरायला गेली.

रेवा मैदानातून सरळ टेबलाशी आली. गुडघे मातीने माखलेले, ग्लोव्ह बगलेत. समोरूनच, उलट्या बाजूने, तिने तो चौकोन वाचला. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

‘‘आजी,’’ ती म्हणाली, ‘‘तीन नीट काढ. आठ वाटतोय.’’