गोलकीपर आणायला दिवेआगरला

आमच्या फुटबॉल क्लबाचे सामने पाहायला गेल्या पावसाळ्यात तीन माणसं येत होती. त्यातले एक गृहस्थ तर म्हैस चारायला यायचे. शेवटी मैदानाच्या कमिटीने बजावलं, यंदाही बघे जमले नाहीत तर जागा दुसऱ्या क्लबाला देऊ. त्यातच आमचा गोलकीपर बदली होऊन नागपूरला गेला.

आमचा कॅप्टन बापू चार दिवस विचारात होता. मग म्हणाला, "चांगला गोलकीपर घेतला तर आपल्याला काय मिळतं? एक माणूस. पण ज्याचे मुंबईत चाळीस नातेवाईक आहेत असा घेतला, तर एकेचाळीस मिळतात."

मी क्लबाचा चिटणीस. मला या हिशेबात चूक सापडेना. दिवेआगरच्या एका नानांचं निम्मं गणगोत गिरगावात राहतं आणि त्यांचा मुलगा विष्णू धडधाकट आहे, असं कानावर आलं होतं. वैशाखात आम्ही दोघं फुटबॉल काखोटीला मारून निघालो.

कुणाला जायचं असेल तर सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मागे बसू नका. सगळा धूर तिथेच येतो. रेवसला टांग्यात चढण्याआधी भाडं ठरवा, चढल्यावर ते वाढतं. अलिबागहून मोटार, रेवदंड्याला खाडी ओलांडायला होडी, मग पुन्हा मोटार, असे टप्पे घेत आम्ही मुरूडला मुक्काम केला. तिथल्या खानावळीतली सोलकढी मी तीन वाट्या प्यायलो आणि अजून पस्तावलेलो नाही. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून मचव्याने दिघी, आणि तिथून बैलगाडी.

गाडीवान बराच वेळ चेंडूकडे पाहत होता. "आत काय हाय?" त्याने विचारलं.

"हवा," बापू म्हणाला.

"मुंबैहून आनली?"

"हो."

"हितं पन हाय की," तो म्हणाला, आणि बैलांकडे वळला.

दिवेआगरात नारळी-पोफळीच्या वाडीत शिरलं की ऊन संपतं. नानांनी पाय धुवायला पाणी दिलं, आंबे कापले. बापूने थेट कामालाच हात घातला.

"मुंबईत तुमची माणसं किती?"

नाना खुलले. यमूमावशी, तिचे दीर, दिरांचे जावई, असं मोजत ते चाळिसाच्या पुढे गेले. बापूने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"मुलाला व्यसन?"

"सुपारीसुद्धा नाही. वाडी असून."

"गुडघे कसे आहेत? जरा पळून दाखवील का?"

नानांनी क्षणभर विचार केला, पण विष्णूला बोलावलं. तो बिचारा विहिरीपर्यंत पळून आला. आतून त्याची आई पत्रिका घेऊन आली. नाना पुढे सरकून हळूच म्हणाले, "मुलगी कुठली म्हणायची?"

"कोणती मुलगी?" बापू म्हणाला.

मी सगळा उलगडा केला. आईने पत्रिका परत नेली, उरलेले आंबेही नेले. नाना मात्र भले माणूस. म्हणाले, "मुंबईला जातोय तर जाऊ दे. आमची यमू तिथे आहेच. लग्नाचंही तीच बघेल."

निघण्यापूर्वी बापूने विष्णूची परीक्षा घेतली. पाच चेंडू मारले. पाचही त्याच्या बाजूने गेले आणि एक विहिरीत पडला. "शिकेल," बापू म्हणाला.

परतीच्या वाटेवर थळजवळ आमच्या टांग्याच्या घोड्याचा नाल निघाला. नाल बसेपर्यंत विष्णू धरून आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. तिथे कोळी मंडळी होडीतून मासळीच्या पाट्या फेकत होती आणि पांडू नावाचा तिशीतला गडी त्या झेलत होता. एक मासा खाली पडत नव्हता. मी बापूकडे पाहिलं. बापूने लांबून जोरात चेंडू मारला. पांडूने डाव्या हातात पाटी धरली होती. उजव्याने चेंडू झेलला आणि पाटीत टाकला.

"पावसात काय करतोस?" मी विचारलं.

"काय करनार? होड्या वर, आमी घरात. नारली पुनवेपरत."

म्हणजे नेमके आमच्या सामन्यांचे दिवस. "मुंबईत नातेवाईक?" बापूने विचारलं.

"कोनी न्हाय."

बापूचा चेहरा पडला. संघात जागा एकच होती. मी म्हणालो, पांडूच हवा. बापू म्हणाला, मग मैदान सोडायची तयारी ठेव. आमचं वाजणार, तेवढ्यात विष्णू पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलला.

"यांनाच घ्या. मला चेंडूची भीती वाटते. मुंबई बघायची होती म्हणून निघालो. माझी माणसं मी आणतो ना, त्यासाठी खेळायला कशाला हवं?"

आषाढात पहिला सामना झाला. यमूमावशी चाळीस माणसं, छत्र्या आणि डबे घेऊन आल्या. "आमचा विष्णू कुठाय?" विष्णू बाजूला लिंबं कापत बसला होता. मध्यंतरात तो लिंबं घेऊन मैदानात धावला तेव्हा अख्ख्या गोतावळ्याने टाळ्या वाजवल्या. पांडूने अडवलेल्या गोलांना कुणी दाद दिली नाही. उलट मावशींनी आपली सतरंजी गोलपासून दूर सरकवून घेतली. मासळीचा वास येतो म्हणाल्या.

मैदान आमच्याकडेच राहिलं. बापू आता सगळ्या क्लबांना सल्ले देतो की खेळाडू घेताना आधी गणगोत मोजा. मला त्या प्रवासातली सोलकढी आणि धूर आठवतो, आणि श्रावणातला एक सामना.

त्या दिवशी पांडूच्या बरगडीत लाथ बसली आणि तो चिखलात आडवा झाला. आम्ही पोहोचायच्या आत यमूमावशी दोरी ओलांडून गेल्या होत्या. आपला तांब्या त्यांनी पांडूच्या तोंडाला लावला. रेफरी म्हणाले, "बाई, बाहेर व्हा."

"आमच्या पांडूला ज्याने मारलं, त्याला आधी बाहेर काढा," असं म्हणून त्या गोलच्या दोन खांबांच्या मधोमध बसल्या.

पांडू पाणी पिऊन उठला. "मावशे, बाजूला हो. चेंडू येल."

मावशी उठल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. सामना संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.