पानावरचा लाल ‘बंद’

आमच्याकडे शेतातल्या डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, फ्यूज गेला की लाइनमनची वाट पाहत कोणी बसत नाही. हरभरा तहानलेला असतो आणि लाइनमनच्या मागे दहा गावं. लोडशेडिंगनं लाइन बंद झाली की शेतकरी स्वतःच फ्यूजची तार घेऊन डीपीपाशी जातो; चालू लाइनीत हात घातला तर जागेवरच संपतो. हे ठाऊक असूनही मी गावासाठी ते वेब पेज बनवलं. प्रत्येक लाइनवरच्या एकानं मोबाइलवरून ‘चालू’ किंवा ‘बंद’ भरायचं, बाकीच्यांनी घरबसल्या पाहायचं. लोक खूश होते, माझे वडील तर जास्तच.

त्या सकाळी कारंज्यातल्या माझ्या खोलीवर मी दुसऱ्याच कामासाठी सर्व्हरवरची चुकांची नोंद उघडली. खालपर्यंत एकच ओळ: अनडिफाइन्ड व्हेरिएबल. म्हणजे डब्याला नाव दिलं, आत काही ठेवलंच नाही, आणि पुढच्या ओळीत झाकण उघडून पाहिलं. असल्या सूचना पेजवर घाण दिसतात म्हणून मीच त्या लपवल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! डबा कोणता म्हणून पाहिलं, तर आमच्याच लाइनचा. भरणारा शेजारी रिसोडला लग्नाला गेलेला; त्यानं काही भरलंच नव्हतं. आणि रिकाम्या डब्याला माझा प्रोग्राम ‘नाही’ समजत होता. लाइन चालू आहे का? नाही. म्हणून पेजवर लाल अक्षरांत ‘बंद’.

थोड्या वेळापूर्वीच वडील फोनवर म्हणाले होते, “फ्यूज गेला. पेजवर बंद दिसलं का टाकतो.”

फोन लावला. नुसतीच रिंग. पुन्हा लावला. गाडीची किल्ली हातात असताना खोलीभर शोधली. आधी ती एक ओळ दुरुस्त करावी, एवढंही सुचलं नाही. शेलूबाजारच्या रस्त्यावर पुढचा ट्रक बाजूला होईना, तर त्याच्या ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो. खरं तर ते मला स्वतःलाच बोलायचं होतं.

शेतात मोटर चालू होती आणि वडील धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते.

“कायले आला?”

“फोन काहून नाही उचलला?”

“थैलीत होता. हात तारीत गुतले होते.”

“टेस्टर लावला होता?”

“टेस्टर कायले? तुह्या पेजवर बंद होती ना!”

लाइन त्या वेळी खरोखरच गेलेली होती. फ्यूज टाकून झाल्यावर आली. निव्वळ नशीब. टेस्टर त्यांच्या वरच्या खिशात तसाच होता. मी धुऱ्यावर बसलो आणि तिथूनच मोबाइलवर ती ओळ लिहिली: कोणी भरो ना भरो, डब्यात सुरुवातीलाच ‘माहीत नाही’ ठेवायचं.

वडिलांनी डोकावून पाहिलं. “माहीत नाही? मंग याचा फायदा काय?”

“असं दिसलं तं टेस्टर लावजा.”

“आन बंद दिसलं तं?”

एवढा विश्वास मला नको होता, पण बापाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

“तरी लावजा, बाबा,” मी म्हणालो.