एका दमात लिहिलेलं पत्र

ट्रंकेतल्या वाळक्या कडुलिंबाचा वास आला आणि त्याखाली बायकोचं पत्र सापडलं. तिची शाई विटली आहे, त्यावरच्या माझ्या लाल खुणा मात्र अजून ठसठशीत आहेत.

तेव्हा मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत, खेड्यांतल्या मास्तरांना विरामचिन्हं शिकवत असे. मोडीत सगळं सलग लिहीत, ही चिन्हं छापखान्याबरोबर इंग्रजीतून आली, असं सांगून एकदा मी हेच पत्र नाव गाळून फळ्यावर उतरवलं. ते तिनं करमाळ्याहून धाडलं होतं: ‘इकडून येणं कधी होणार दुसरं काही नको घर खायला उठतं’.

सगळ्यांनी पाटीवर चिन्हं घातली. मोहोळच्या एका वयस्कर मास्तरांनी एकही घातलं नाही.

“गुर्जी, बाईनं एका दमात लिवलंय,” ते म्हणाले. “तिला मधी थांबवायचं कशापायी? कुनीतरी जायला पायजे की तितं.”

वर्ग हसला, मीही हसलो. त्यांना चूक दिली, मूळ पत्रावर लाल शाईनं बरोबर चिन्हं भरली. करमाळ्याला मात्र सुट्टी लागल्यावरच गेलो.

आता ती नाही. आज ते पत्र तिच्याच दमात वाचायला घेतो. ‘इकडून येणं कधी होणार’ इथवर येतो, आणि माझंच लाल प्रश्नचिन्ह आडवं येतं.