गुरुजींचं रिकामं आसन

आमचे हे कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रविवार उजाडला की सायकल काढून डोंगरातल्या लेण्यात पळायचे. मी मेली डबा भरून देणारी! घरात काय आहे-नाही याची कधी चौकशी नाही, त्या दगडाची मात्र रोज.

लेण्यात भिंतीवर एक कोरीव चित्र होतं. वर पिंपळ, खाली आसन, आसनापुढे दोन पावलं, दोन्ही बाजूंना माणसं. आसनावर कोणीच नाही. ह्यांचा सगळा जीव त्या मोकळ्या जागेत अडकलेला. "अगं, तोच बुद्ध! त्या काळी त्याची मूर्ती करत नसत. झाड म्हणजे त्याला झालेलं ज्ञान, पावलं म्हणजे तो इथून गेला." खालच्या वाडीतल्या माणसांनाही बावीस वर्षं हेच सांगत आले. ती बिचारी हातातलं काम टाकून ऐकायची, माना डोलवायची. ह्यांना वाटायचं, कळलं!

चौऱ्याहत्तर साली हे बांधावरून घसरले, पाय मोडला. चार महिने अंथरुणावर. चालायला लागले तसा वाडीतला गजा बैलगाडी घेऊन दारात हजर. "चला गुरुजी लेण्यात. वैनी, तुमी पन." मीही निघाले, म्हटलं, एकदा बघू तरी माझ्या सवतीला.

लेण्यात अख्खी वाडी जमलेली. आणि आसनावर मूर्ती! शिळफाट्याहून पाथरवट आणून आसनावरचा मोकळा सपाट दगड खोदला होता. पावलं मधे येत होती, ती छिन्नीने उडवली होती.

"तुमी रिकाम्या जागेला हात जोडता, गुरुजी," गजा म्हणाला. "आमच्या जिवाला लागायचं. तुमच्या पायासाठी नवस बोललो, गुरुजींचा देव बसवू म्हणून. पाय बरा झाला, नवस फेडला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तोच ह्यांनी माझा हात दाबला. मूर्तीकडे बघत म्हणाले, "नाक छान उतरलंय." नारळ फुटला. ह्यांनी प्रसादही खाल्ला.

परतताना गाडीत मी दबक्या आवाजात ह्यांना फैलावर घेतलं. "अहो, बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या पायासाठी केलंय गं त्यांनी." आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडायला लागला. "बावीस वर्षं मी शिकवलं तरी काय?"

गजाने बैल थांबवले, वळून बघितलं. "वैनी, गुरुजींचा पाय दुकतो का वो?"

"हो रे बाबा," मी म्हटलं, "पायच."