कुत्र्याचा खुराक

दवाखान्यात तान्ह्या बाळांची वजनं करणाऱ्या बाईला सगळी वस्ती ‘काटावाली’ म्हणायची. तोंडाने भलती फटकळ, पण बाळ हातात आलं की मेणाहून मऊ.

कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्या एका माणसाची मुलगी अकरा महिन्यांची झाली तरी बसत नव्हती. कानाशी खुळखुळा वाजवला तरी वळायची नाही. काटावाली दर आठवड्याला तिच्या आईला खुराकाची पाकिटं द्यायची, पण वजन काही जागचं हलेना.

“भरवतेस ना गं नीट?”

आईने मान खाली घातली. तिचा ओठ फुटलेला होता.

काटावाली दुसऱ्या दिवशी दुपारी खांद्याला काटा अडकवून, न सांगता तिच्या दारात उभी राहिली. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा थाळी चाटत होता. भोवती फाडलेली पाकिटं. आत बाळाच्या वाटीत निळसर दिसणारं, पाणी घातलेलं दूध. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात येऊन ती मुलीच्या बापावर ओरडली,

“लेकराच्या तोंडचं कुत्र्याला घालतोस?”

“झुंज आलीय. त्याला अंग धरायला पाहिजे. पोरगी वाढेल आपोआप.”

“अरे, तिचं डोकं उपाशी राहतंय! मेंदू याच वयात...”

तिच्या जबड्यावर ठोसा बसला. दोन दात मातीत पडले. बायको मध्ये आली, तर त्याने तिला केस धरून भिंतीवर आपटलं. काटावालीने खांद्यावरचा लोखंडी काटा उपसला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड कडकन मोडलं. तो कोसळला, तो थेट साखळीच्या टप्प्यात. पडलेल्यावर तुटून पडायचं, हे त्यानेच कुत्र्याला शिकवलं होतं. शेजाऱ्यांनी सोडवेपर्यंत त्याची तीन बोटं गेली.

काटावालीने पोलिसांना सगळं खरं सांगितलं. तिला चार महिने कामावरून निलंबित केलं. त्या चार महिन्यांत मायलेकी तिच्याच खोलीत राहिल्या. दिवसातून पाच वेळा खाणं, रक्तवाढीचे थेंब. मुलगी महिन्याभरात बसली. बोलायला मात्र तिसरं वर्ष उजाडलं, तेही मोजके शब्द.

“शाळेत इतरांसारखी शिकेल ना हो?” आईने विचारलं.

काटावालीला खोटा धीर देता येत नसे. “जरा मागे राहील. गेलेलं सगळं भरून येत नाही.”

आई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने घास पुढे केला. मुलीने हात मारून चमचा पार भिंतीवर उडवला.

“नको!” ती ओरडली.

काटावाली दोन दात पडलेल्या तोंडाने खदखदून हसली.